खुंटीवरचे गंधर्व

विलायतेत हातात धरून नेण्याजोगे गाण्याचे यंत्र निघाले ते चैनीसाठी. १९१४ साली लंडनच्या बार्नेट सॅम्युएल या वाद्यविक्रेत्या पेढीने ‘डेका’ नावाचा पेटीवजा ग्रामोफोन बाजारात आणला, तेव्हा तो घेणाऱ्याच्या दिवाणखान्यात मोठा ग्रामोफोन आधीच असणार आणि ही धाकटी पेटी वनभोजनास किंवा नौकाविहारास न्यावयाची, असाच विक्रेत्यांचा हिशेब होता. पुढे महायुद्ध जुंपले आणि तीच पेटी खंदकांतील शिपायांच्या सोबतीस गेली, हा भाग निराळा. आमच्या भोर-वेल्ह्याच्या मुलखात या यंत्राची कथा नेमकी दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. येथे घरात एक थोरले यंत्र असताना प्रवासापुरते दुसरे घ्यावे, असा प्रसंग बहुधा कोणावर आलाच नाही. रस्ता गावाच्या कोस-दोन कोस अलीकडे संपे, विजेची तार त्याहूनही पुष्कळ अलीकडे संपे, आणि म्हणून जे यंत्र माणसाच्या खांद्यावर बसून चढण चढेल व आपली शक्ती आपल्याबरोबर घेऊन येईल, तेवढेच घराचा उंबरा ओलांडी. तेव्हा या खोऱ्यांतील गाण्याच्या यंत्रांचा इतिहास पाहणाऱ्याने त्यांच्या वजनाकडे फार लक्ष देऊ नये; ती कशाच्या बळावर बोलत होती, याची चौकशी करावी.

मुलूख मोठा अवघड खरा. सह्याद्रीच्या धारेपासून पूर्वेकडे उतरणारी नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी यांची खोरी, त्यांच्यामध्ये उभे राहिलेले राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वराचे पठार, आणि भातखाचरांच्या कडेने विखुरलेल्या वाड्या, असे याचे स्वरूप. राजाराम महाराजांच्या काळी सचिवपद मिळालेल्या शंकराजी नारायणांच्या वंशजांनी हा प्रदेश स्वराज्यापासून संस्थानी अमलापर्यंत सांभाळला. सचिव म्हणजे जुन्या परिभाषेतील सुरनीस, सरकारी दफ्तराची तपासणी करणारा अधिकारी, आणि हा कागदोपत्री काटेकोरपणा भोर संस्थानच्या कारभारात शेवटपर्यंत मुरलेला होता. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड ही किल्ल्यांची नावे संस्थानच्या तालुक्यांनाही होती. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले आणि भोर हे पुणे जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव बनले. वेल्हे तालुक्यास अलीकडे पुनश्च राजगड हे नाव मिळाले आहे.

यंत्रे येण्यापूर्वी या मुलखात गाणे फिरत नव्हते असे नाही. पहाटे वासुदेव येई, घरी कार्य निघाले की संबळ-तुणतुणे घेऊन गोंधळी येत, धनगराच्या कमरेला पावा खोचलेला असे. परंतु हे सारे गाणे माणसाच्या सोयीने आणि पंचांगाच्या तिथीने येणारे होते. वासुदेव गेला की गाणे गेले. तेच गाणे, त्याच गळ्यातले, आपल्या मर्जीने पुन्हा ऐकता येणे ही गोष्ट नवी होती, आणि ती प्रथम घडली ती चावीच्या फोनोमुळे.

१९०२ च्या अखेरीस फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास उतरला आणि त्याने या देशातील गाण्याच्या पहिल्या तबकड्या भरल्या. ज्या लाखेपासून त्या तबकड्या बनत ती लाख आपल्याच देशातून परदेशी जाई आणि गाणे होऊन परत येई, हा व्यापार इंग्रजी अमदानीच्या एकंदर रीतीस धरूनच होता. दहा इंची तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि सुमारे तीन मिनिटांत संपे. एवढ्या अवकाशात ख्याल, नाट्यपद आणि भजन ही सर्व आपापले अंग चोरून बसू लागली. पुढे हिज मास्टर्स व्हॉईसचा १०२ क्रमांकाचा पोर्टेबल १९३१ मध्ये निघाला; त्यात बाहेरचा कर्णा नव्हता, तो पेटीच्या पोटातच दुमडलेला होता, आणि झाकण लावले की कोणास ती कारकुनाची कागदपत्रांची पेटी वाटावी. उजव्या अंगाला चावी, तिच्यामागे पोलादी कमान, कमानीच्या बळावर फिरणारी तबकडी आणि तबकडीच्या खाचेतून सुईने उचललेली थरथर आवाजात उतरविणारा साउंडबॉक्सचा पडदा आणि तो आवाज कर्ण्यापर्यंत नेणारी नळी: या सबंध योजनेत विजेचा कणही नाही. गाण्यास लागणारी शक्ती ऐकणाऱ्याच्या दंडातून येई. चावी कमी पडली की बालगंधर्वांचा स्वर हळूहळू खाली उतरू लागे आणि कोणीतरी धावत जाऊन चार वेढे दिले की तोच स्वर वर चढून आपल्या जागी बसे. यात त्या गायकाची जी विटंबना होई तीही ऐकणाऱ्यांस गंमतीचीच वाटे. पोलादी सुई दर बाजूस बदलावी, असा कंपनीचा दंडक असताना एकाच सुईवर दिवस काढणारे काटकसरी आणि त्यामुळे खरवडलेल्या तबकड्या, दोन्ही त्या काळी मुबलक होती.

ही पेटी वकील, मामलेदार, सावकार अशांच्या माडीवर असे. डोंगरातील साध्या कुळापर्यंत तबकडी पोहोचली ती लग्नाच्या मांडवातून, आणि तीही स्वातंत्र्यानंतर. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर, एक फोनो आणि एक पत्र्याचा भला मोठा कर्णा घेऊन लाउडस्पीकरवाला यष्टीने यावयाचा, यष्टीच्या थांब्यापासून बैलगाडीने किंवा डोक्यावर ते सामान गावात आणावयाचे, आणि कर्णा आंब्याच्या शेंड्यास बांधून त्याचे तोंड शेजारच्या गावाकडे फिरवावयाचे. आपल्या घरचे कार्य आपल्या गावास माहीतच असे. ते पलीकडच्या गावास कळावे हा त्या कर्ण्याचा उद्देश होता.

रेडिओची कथा याहून उद्बोधक आहे. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ च्या ऑक्टोबरात सुरू झाले आणि दीड वर्षाच्या आत, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर तेथून ‘गीतरामायण’ सुरू झाले. माडगूळकरांची छप्पन गीते आणि सुधीर फडके यांच्या चाली आठवड्यामागून आठवडा वर्षभर चालू राहिल्या, आणि त्या वेळेस घराघरांतून रेडिओची पूजा होत असे, ही हकीकत महाराष्ट्रास पाठ आहे. भोरास रामनवमीचे महत्त्व विशेष; पंतसचिवांच्या राजवाड्यातील जन्मोत्सव हा या गावाचा वर्षाचा मोठा सण. परंतु त्या काळचा रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हांवर चालणारा, ते व्हॉल्व्ह तापावयास वीज भरपूर लागावयाची, आणि जेथे तार नाही तेथे नव्वद व्होल्टची एक कोरडी बॅटरी आणि तंतू तापविण्यासाठी दुसरी, असा विटांएवढा जड सरंजाम बाळगावा लागे. शिवाय छपरावर एरिअलची तार ताणावयाची ती वेगळीच. भोर शहरापासून पुणे केंद्र पन्नासएक किलोमीटरांवर. पण डोंगरातील केळद-पासली या गावांच्या माणसास त्या वर्षी अयोध्या जितकी लांब तितकेच ते केंद्र लांब होते.

सरकारास ही अडचण ठाऊक होती. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या अवधीत युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकरी मंडळांचा एक प्रसिद्ध प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापून, आठवड्यास दोन याप्रमाणे वीस कार्यक्रम त्यांस ऐकविण्यात आले आणि ऐकल्यावर गावकऱ्यांनी त्यावर चर्चा करावी अशी योजना होती. त्याचा अहवाल जगभर वाखाणला गेला. त्या योजनेत रेडिओ हा चावडीचा किंवा शाळेचा, म्हणजे सार्वजनिक मालकीचा होता. त्यातून काय ऐकावे हे वरून ठरत होते. सेटवरच्या बटणाला आपला हात लागावा ही इच्छा मात्र कोणत्याही अहवालात नोंदविली जात नाही, आणि ती पुरी करावयास ट्रान्झिस्टर यावा लागला.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात लागलेल्या शोधाने व्हॉल्व्हाची जागा घेतली, १९५४ मध्ये पहिला खिशातला सेट विक्रीस आला, आणि साठीनंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या दुकानांतून ट्रान्झिस्टर भोरच्या बाजारपेठेत आणि तेथून डोंगरात चढू लागला. मर्फी, बुश, फिलिप्स ही नावे गावातील देवादिकांइतकी तोंडी बसली. नवऱ्या मुलाच्या मागण्यांत घड्याळ आणि सायकल यांच्या जोडीस तो येऊन बसला. चढणीच्या वाड्यांत सायकलीचा उपयोग काय असा विचार करणाऱ्या वरपित्याने तर सायकलीऐवजी त्याचीच मागणी करावी हे स्वाभाविक होते.

येथे एक विलक्षण योग लक्षात घेण्याजोगा आहे. वेल्ह्याच्या शेजारच्या मावळ आणि मुळशीच्या खोऱ्यांतील पाणी अडवून टाटांनी १९१५ पासून खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथे वीज उत्पन्न केली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला तो जगजाहीर आहे. ती वीज घाटाखाली उतरून मुंबईच्या गिरण्यांत गेली. आणि त्याच सह्याद्रीच्या कुशीतून पोटामागे मुंबईस गेलेला माणूस त्या विजेवर चालणाऱ्या साच्यावर उभा राहून, लालबाग-परळच्या गाळ्यात दाटीवाटीने राहून, खानावळीचे पैसे भागवून जे शिल्लक पाडी त्यातून ट्रान्झिस्टर घेऊन शिमग्याला घरी येई. कारण त्याच्या स्वतःच्या घरात वीज नव्हती. डोंगरातले पाणी मुंबईस गेले आणि मुंबईतून परत आले ते दोन सेलांवर बोलणारे खोके. भाटघरचे धरण तर भोरच्या उंबऱ्याशी. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते नीरेच्या कालव्यांसाठी पुरे झाले, पण त्याच्या पायथ्याशी सोळा मेगावॅटचे वीजगृह उभे राहावयास १९७७ साल उजाडले.

ट्रान्झिस्टरची आणि या मुलखाची जी जमली तिला शास्त्रीय कारणेही आहेत. पुणे केंद्राची लहर ७९२ किलोहर्ट्झची, म्हणजे तिची लांबी सुमारे ३७९ मीटर. एवढी लांब लहर डोंगराच्या कण्यावरून वाकून खोऱ्यात उतरते. तीन मीटरच्या आतबाहेरची एफएमची लहर तशी वाकत नाही, म्हणून पुढे पुण्यात एफएमचा सुकाळ झाला तरी तोरण्याच्या पाठीमागच्या वाड्यांस त्याचा लाभ फारसा झाला नाही. दुसरी गोष्ट सेटच्या पोटातील. त्यात फेराइटची एक काळी दांडी आडवी बसविलेली असते आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात. हीच त्याची एरिअल. या दांडीचे टोक केंद्राकडे रोखले की आवाज मरतो, आणि दांडी आडवी, म्हणजे सेटचे तोंड केंद्राकडे, केले की आवाज भरतो. हे पुस्तकातले ज्ञान. परंतु ज्याने पुस्तकाचे तोंड पाहिले नाही असा म्हातारा खुंटीवरून सेट उतरवून हातावर घेई, देवळाकडे, मग पाणवठ्याकडे, मग हळूच खिंडीकडे त्याचे तोंड फिरवी, आणि खरखर विरून सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याच्या बातम्या स्वच्छ झाल्या की तेवढ्या कोनात तो कोनाड्यात टेकवून ठेवी. पुढे कोणी झाडलोट करताना तो इंचभर हलविला की त्या घरात भांडण ठरलेले.

या यंत्राचा प्राण सेलात होता, आणि सेल बाजारातून विकत आणावा लागे. ही चावीपेक्षा मोठी परतंत्रता. चावी देणाऱ्याचा हात थकला तर दुसऱ्याचा मिळे. सेल संपला तर पुढच्या बाजारापर्यंत मुकाट बसावे लागे. म्हणून त्याच्या आयुष्याचे जे जे उपाय लोकांनी शोधले ते कौतुकास्पद होते: सेल काढून उन्हात मांडावे, पावसाळ्यात चुलीच्या कडेस उबेला ठेवावे, रात्री विजेरीतून काढून रेडिओत आणि पहाटे रेडिओतून काढून विजेरीत घालावे. जस्त-कोळशाच्या सेलास विश्रांती आणि ऊब मिळाली की त्यातील रासायनिक क्रिया थोडी पुन्हा जागी होते, तेव्हा यात नुसती समजूत नव्हती. घरात काय ऐकावयाचे याचा निर्णयही सेलच करी. बातम्या आणि बाजारभाव प्रथम, भक्तिगीते दुसरी, ‘आपली आवड’ जमल्यास. आणि बुधवारी रात्री शॉर्ट वेव्हवर सिलोन लावून ‘बिनाका गीतमाला’ ऐकणाऱ्या पोरास बापाच्या शिव्या खाव्या लागत, त्या गाण्यांच्या नीतीपेक्षा सेलांच्या किमतीपायी अधिक. सिलोनकडे देशातील पोरे वळली याचे श्रेय, योगायोग असा की, एका पुणेकराकडे जाते; नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी सिनेसंगीतास आकाशवाणीवर जवळजवळ मज्जाव केला आणि श्रोते समुद्रापलीकडे गेले. शास्त्रीय संगीतावरची केसकरांची निष्ठा वादातीत होती. पण निष्ठेने कान धरता येतो, वळविता येत नाही.

सरकारास या सर्वांचा हिशेबही हवा होता. १९३३ च्या बिनतारी यंत्रांच्या कायद्यान्वये घरी सेट बाळगणे म्हणजे परवान्याची बाब. टपाल कचेरीत जाऊन सालोसाल फी भरावी आणि पुस्तकावर तसा शिक्का घ्यावा, असा नियम १९८० नंतरच्या दशकात रद्द होईपर्यंत चालू होता. सुरनिशीच्या मुलखात हे दफ्तरही चोख राहिले असेल असे वाटणे साहजिक आहे. परंतु खांद्यावर लटकवून रानात हिंडणाऱ्या धनगराच्या सेटवर टाच आणावयास तपासनीस रायरेश्वराच्या पठारावर चढणे अशक्यच होते.

लावणीच्या दिवसांत हे यंत्र खाचराच्या बांधावर येई. वर इरले किंवा प्लास्टिकची पिशवी, खाली दगड. आवणाच्या चिखलात वाकलेल्या बायका आणि औत धरणारा गडी यांस त्यातील प्रत्येक शब्द ऐकू येई असे नाही, पण कोणीतरी बोलते आहे एवढे पुरे होई.

सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीस आला त्याची हकीकत या संदर्भात मनोरंजक आहे. आपण कानास यंत्र लावून एकटेच ऐकत बसलो तर शेजारच्या माणसाचा उपमर्द होईल, या धास्तीने कंपनीच्या अकिओ मोरिता यांनी त्यास कर्णध्वनीच्या दोन खाचा ठेवविल्या आणि मध्येच बोलता यावे म्हणून एक नारिंगी कळही बसविली. गिऱ्हाईकांस एकटेपणाच हवा होता असे लवकरच दिसून आले आणि दोन्ही सोयी मागे पडल्या. या डोंगरात वॉकमन आला तो पुण्यास कॉलेजात गेलेल्या एखाद्या मुलाच्या बॅगेतून, आणि फारसा रुजला नाही. ज्यास गुरांच्या घंटेकडे, बिबट्याच्या चाहुलीकडे आणि बांधावरून येणाऱ्या हाकेकडे कान ठेवावयाचा आहे त्याने दोन्ही कान बंद करावे कसे? येथे रुजला तो टू-इन-वन, रेडिओ आणि टेप यांचा संयुक्त संसार असलेला, वर मूठ असलेला डबा.

कॅसेट ही वस्तू फिलिप्सने १९६३ मध्ये काढली, परंतु भारतात तिचा सुळसुळाट झाला तो ऐंशी सालानंतर, आखाती देशांतून आलेले टेप आणि टी-सीरिजसारख्या कंपन्यांच्या स्वस्त फिती यांमुळे. भोरच्या यष्टी थांब्याजवळच्या टपऱ्यांतून प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते, कोंबड्याच्या आणि पोपटाच्या नावाची लोकगीते, पोवाडे आणि दादा कोंडक्यांच्या संवादांच्या फिती शेजारी शेजारी लटकू लागल्या. तबकडीच्या तीन मिनिटांच्या जागी आता एका बाजूस तीस मिनिटे मिळाली आणि भारूड, गवळण, वगातील बतावणी यांस प्रथमच ऐसपैस बसता आले. फीत रोलरात गुंतली की ती नखाने सोडवावी, कॅसेटच्या दात्यांत षट्कोनी पेन्सिल घालून गुंडाळावी, हेड मळले की अत्तराचा फाया फिरवावा, हे कसब घरातील लहान मुलाकडेच असे.

मात्र कॅसेटने जी खरी उलथापालथ केली ती ऐकण्यात नव्हे, भरण्यात. फोनो आणि ट्रान्झिस्टर ही एकतर्फी यंत्रे होती. मुंबई-पुणे-कलकत्ता गात होते आणि डोंगर ऐकत होता. टेपला लाल बटण होते. कॅसेटच्या पाठीवरची चकती मोडून पडलेली खाच कागदाच्या बोळ्याने बुजविली की विकतच्या गाण्यावरही स्वतःचे गाणे भरता येई, आणि गावच्या भजनी मंडळाने, जत्रेतल्या गोंधळ्याने, सप्ताहातल्या कीर्तनकाराने याचा पुरेपूर लाभ घेतला. वेल्ह्याच्या मेंगाईच्या जत्रेत रात्रभर चाललेला गोंधळ सकाळी मुंबईच्या गाडीत बसून पुढच्या आठवड्यात परळच्या गाळ्यात वाजावा, हे त्यामुळे शक्य झाले. या फितींवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. बॉलपेनने लिहिलेली तिथी आणि गावाचे नाव, एवढेच.

याच बटणाचा सर्वांत मोलाचा उपयोग शहरातून आलेल्या काही अभ्यासकांनी केला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० नंतर गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून पुणे जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यातील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करावयास आरंभ केला. पुढे बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्या ध्वनिफितींवरही उतरल्या, आणि हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत गेला. ज्या काळात हे चालले होते त्याच काळात गावोगाव विजेवर चालणारी पिठाची गिरणी येत होती. जाते थांबले, आणि जात्याच्या फेऱ्यावर जगणारी ओवी ओठांवर येईनाशी झाली. वीज गावात आली त्याचा आनंद बायकांइतका कोणास झाला नसेल. पहाटेच्या दळणातून सुटका ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि ओवी मागे पडल्याचा शोक करणाऱ्या आम्हां लोकांपैकी कितीजणांनी पायलीभर नाचणी दळली आहे, हे विचारण्यासारखे आहे.

पुढचा भाग सर्वांसमोरचा आहे. मोबाइल आला, मेमरी कार्डात पाच-पन्नास रुपयांत शेकडो गाणी भरून देणारे दुकानदार आले, आणि रेंज न मिळणाऱ्या वाड्यांत ती भरलेली गाणीच कामास येऊ लागली. राजगडावर येणारे शहरी तरुण ब्लूटूथचे डबे घेऊन चढतात आणि पद्मावती माचीवर ते मोठ्याने लावतात. गडावर चालत जावयाचे आणि शांतताच खाली ठेवून यावयाची, ही कल्पना मला तरी कळलेली नाही.

त्या घरगुती फितींची स्थिती आज वाईट आहे. या मुलखात पाऊस चार महिने, घरात ओल. पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या कॅसेटींवर पांढरी बुरशी धरते, चुंबकीय थर फितीवरून सुटतो, टेपमधील रबरी पट्टे डांबरासारखे पातळ होऊन चिकटतात. पट्टे अजून मिळतात, आणि भोरसारख्या गावात जुन्या टेपला हात लावणारे कारागीर अद्याप आहेत, जरी त्यांच्या पाटीवर आता मोबाइल दुरुस्ती असे लिहिलेले असले तरी. एक बरी चालणारी यंत्रजोडी आणि सरळ तार असेल तर साठ मिनिटांची फीत संगणकावर उतरावयास साठ मिनिटेच लागतात, त्याहून घाई करता येत नाही. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर असे डबे आहेत त्यांनी फितींवरील तिथी आणि गावे आधी कागदावर उतरून घ्यावीत, कारण बॉलपेनची शाई गाण्याच्याही आधी उडते.